रेघ उडी मारते तेव्हा

काळोखात बुडालेलं एक गाव. कोल्ह्याच्या तोंडाचे, दोन पायांवर चालणारे रापोसा नावाचे गावकरी एकेक करून नाहीसे झाले आहेत. गावातली ज्योत विझली आहे. गावप्रमुखाची मुलगी मारी निर्मात्याला हाक मारते आहे. निर्माता म्हणजे ज्याच्या हातात यंत्र आहे तो, बहुतेक वेळा आठ-दहा वर्षांचं मूल. त्यानं ओ दिली की पडद्यावर एक पांढरा पुतळा येतो. त्याला डोळे नाहीत, तोंड नाही, अंगावर कपडा नाही. बाजूला रंगांच्या लहान लहान चौकटी असतात. या गावाला सोडवणारा नायक कसा दिसेल, हे आता मुलानं स्वतःच्या हातानं काढायचं. काढून झालं, नाव ठेवलं, की पुतळा हलतो, चालायला लागतो आणि गावात शिरतो.

‘ड्रॉन टू लाइफ’ नावाचा हा खेळ २००७ साली आला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहरात ‘फिफ्थ सेल’ नावाचा लहानसा स्टुडिओ होता, त्यानं तो बनवला. टीएचक्यू कंपनीनं तो बाजारात आणला. चालायचा तो निन्टेंडो डीएसवर, म्हणजे हातात धरायच्या, मधोमध मिटणाऱ्या, दोन पडद्यांच्या यंत्रावर. जात म्हणाल तर प्लॅटफॉर्म गेम: डावीकडून उजवीकडे धावायचं, खड्डे ओलांडायचे, फळीवरून फळीवर उडी घ्यायची, शत्रूच्या डोक्यावर आदळायचं. मारिओ खेळलेल्यांना यात नवं काही नाही. नवं आहे ते उड्या मारणारं अंग. ते खेळणाऱ्यानं काढलेलं असतं, आणि पुढे नायकाला लागणाऱ्या फळ्या, ढग, वाहनं हीसुद्धा त्यानंच काढायची असतात.

या अंकाचा विषय ‘हात’ आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा कुंभार, विणकर, सुईणी यांची नावं मनात आली. पण आज मुलांचा हात सर्वांत जास्त वेळ एका काचेवर असतो. तिथं सरकवणं आणि दाबणं सोडून तो आणखी काही करू शकतो का, हे बघावंसं वाटलं. भाचीनं अमेरिकेतून परत येताना आणलेला जुना डीएस तिच्या कपाटात होता, खेळाची कॅसेटही होती. ते घेऊन मी साताऱ्यातल्या एका बालवाचनालयात शनिवारी दुपारी जाऊन बसू लागले.

कोरा पुतळा

वाचनालयाच्या हॉलमध्ये चटया अंथरलेल्या असतात. पुस्तक बदलायला आलेली मुलं तिथं रेंगाळतात. यंत्र बाहेर काढलं की पहिला प्रश्न येतो, “याच्यात फ्री फायर आहे?” नाही म्हटल्यावर निम्मी पांगतात. उरतात त्यांच्या हातात मी डीएसची काडी देते. तिला मुलं सरळ पेन म्हणतात.

या पेनाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हा सगळा खेळ त्याच्यामुळे शक्य झाला. आजच्या मोबाइलची काच बोटाची विद्युतवाहकता ओळखते, म्हणून तिच्यावर साधी प्लॅस्टिकची काडी चालत नाही. डीएसच्या खालच्या पडद्याची जात वेगळी. त्यात वीज वाहणारे दोन पातळ थर एकमेकांपासून किंचित अंतरावर असतात. टोक दाबलं की ते त्या जागी चिकटतात आणि विजेच्या दाबावरून यंत्राला कळतं, स्पर्श नेमका कुठे झाला. दाबावं लागतं, म्हणून हाताला काम केल्यासारखं वाटतं. टोक बारीक, म्हणून एकेक ठिपका भरता येतो. मोबाइलवर बोट टेकवलं की चित्राचा तोच भाग बोटाखाली झाकला जातो. इथं काय काढतो आहोत ते काढतानाच दिसतं.

हा पडदा २५६ ठिपके रुंद आणि १९२ ठिपके उंच आहे. यंत्राची स्मृती चार मेगाबाइट, म्हणजे आजच्या मोबाइलमधल्या एखाद्या फोटोएवढी. त्यामुळे नायकाचा कॅनव्हास चिमुकला, आणि तोही तुकड्यातुकड्यांत विभागलेला: डोकं, धड, हात, पाय. प्रत्येक तुकडा वेगळा रंगवायचा. खेळ मग हे तुकडे सांध्यांवर जोडतो आणि धावताना, उडी मारताना ठरलेल्या कोनांतून फिरवतो. कळसूत्री बाहुलीला जसं धड वेगळं, हात वेगळे आणि त्यांना नाचवणाऱ्या दोऱ्या वेगळ्या, तसंच. बाहुलीवर चेहरा कोणाचाही रंगवा, दोऱ्या त्याच राहतात. म्हणूनच मुलानं काहीही काढलं तरी ते चालू शकतं. प्रत्येक उडीसाठी, प्रत्येक पावलासाठी वेगळं चित्र काढावं लागलं असतं, तर हा खेळ चित्रकारांनाच खेळता आला असता.

सहावीतल्या एका मुलीनं नायकाला आधी पांढरा सदरा दिला, मग तो पुसून हिरवा केला, मग त्याच्यावर बटणं काढायला घेतली. एका ठिपक्याचं बटण दिसेना. चार ठिपक्यांचं काढलं तर ताटाएवढं झालं. शेवटी तिनं सदऱ्याच्या मधून एक काळी उभी रेघ ओढली, यंत्र लांब धरून बघितलं आणि “झाली बटणं” म्हणाली. लांबून खरंच बटणपट्टी दिसत होती.

तिची धाकटी बहीण बालवाडीत आहे. तिच्या हातात पेन आलं तेव्हा मला या साच्याची मर्यादा कळली. तीन-चार वर्षांची मुलं माणूस काढतात तो बहुधा एक मोठा गोळा आणि त्यालाच फुटलेले पाय. धड नसतंच, हात असले तर गालातून निघतात. जगभरातल्या मुलांच्या चित्रांत हा माणूस सापडतो. खेळानं मात्र तिच्यापुढे डोकं, धड, हात, पाय अशी मोठ्यांची वाटणी ठेवली. तिला धडाचं काय करायचं ते कळेना. तिनं त्यावर दुसरा चेहरा काढला. गावात उतरला तो नायक दोन तोंडांचा होता, आणि पोटावरचं तोंड हसरं होतं. मोठी बहीण म्हणाली, “अगं, असं नसतं.” धाकटीनं लक्ष दिलं नाही. नायक चालत होता, तिला तेवढं पुरे होतं.

सोळा बाय सोळा

त्या हिरव्या सदऱ्याच्या मुलीला जे कोडं पडलं, तेच १९८१ साली जपानमध्ये शिगेरू मियामोतो यांच्यापुढे होतं. ‘डाँकी काँग’ या खेळासाठी त्यांना एक माणूस काढायचा होता. जागा होती सोळा ठिपके रुंद, सोळा ठिपके उंच, रंग तीन. एवढ्यात तोंड काढता येईना, म्हणून नाकाखाली जाड मिशी आली. केस उडताना दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून डोक्यावर टोपी. धावताना हात अंगापासून वेगळे दिसावेत, म्हणून सदरा एका रंगाचा आणि त्यावरचा पट्ट्यांचा डांगरी वेश दुसऱ्या रंगाचा. मारिओचं आज जगाला ठाऊक असलेलं रूप अडचणीतून काढलेल्या वाटांचं बनलेलं आहे. त्या काळी खेळांचे आराखडे आलेखाच्या कागदावर हातानं काढले जात. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे तसे कागद निन्टेंडोनं पुढे लोकांना दाखवलेही.

आपल्याकडे तो मारिओ नव्वदच्या दशकात पोहोचला तो टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली यंत्रांतून. कॅसेट फुंकून खाचेत बसवणारी ती मुलं आज पालक आहेत. शेकडो तास त्यांनी त्या मिशीवाल्याला दौडवलं, पण तो तसा का दिसतो, असा प्रश्न त्यांना पडायला जागाच नव्हती. चित्र कोणीतरी आधीच करून ठेवलं होतं. वाचनालयातल्या मुलीला बटणांचं कोडं पडलं आणि सुटलंही, कारण ठिपके तिच्या ताब्यात होते. निर्मितीच्या बाजूला मुलाला एक पाऊल टाकू देणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला सापडलं नाही.

चित्राचं वजन

या खेळावर त्या वेळी समीक्षकांनी घेतलेला एक आक्षेप खरा आहे. चित्र कसंही काढा, खेळात फरक पडत नाही. नायक बुटका काढा की उंच, त्याची उडी तेवढीच. यंत्राच्या हिशेबात नायक म्हणजे एक अदृश्य चौकोन असतो. तो जमिनीला टेकला की उभा राहतो, शत्रूला लागला की जखमी होतो. चित्र त्या चौकोनावर चढवलेलं असतं. पंख काढलेत म्हणून उडता येत नाही. कंटाळा आला तर तयार नायकही निवडता येतो.

चित्राला खरंखुरं वजन देणारे खेळही झाले आहेत. २००२ साली जपानमध्ये प्लेस्टेशन २ साठी आलेल्या ‘मॅजिक पेंगेल’मध्ये ॲनिमेशनपट करणाऱ्या स्टुडिओ जिबलीचाही सहभाग होता. तिथं मुलानं ओढलेली रेघ फुगून त्रिमिती अंग बनायची. हा हात, हा पाय, हा पंख असं सांगायचं. किती शाई वापरली, कुठल्या रंगाची, यावर त्या प्राण्याचं बळ ठरायचं. फिनलंडच्या पेत्री पुरहो यांच्या ‘क्रेयॉन फिजिक्स डिलक्स’मध्ये खडूनं काढलेला दगड खरंच घरंगळतो आणि पूल कच्चा असेल तर मोडतो. या खेळाला २००८ च्या स्वतंत्र खेळांच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. बुद्धीला चालना देण्यात हे दोन्ही खेळ ‘ड्रॉन टू लाइफ’च्या पुढे आहेत, यात शंका नाही.

तरीही वाचनालयात बसल्यावर माझं मत आक्षेप घेणाऱ्यांपासून दूर गेलं. चित्राला वजन दिलं की त्याला चांगलं-वाईटही चिकटतं. ज्याचा पूल मोडला त्याचं चित्र चुकलं. ‘ड्रॉन टू लाइफ’ चित्र तपासतच नाही. दोन तोंडांचा नायक आणि बटणपट्टीवाला नायक दोघांनाही तो सारखीच उडी देतो. चौथीतला एक मुलगा सगळ्यांच्या मागे बसायचा. “मला चित्र येत नाही,” असं त्यानं पेन हातात घेण्याआधीच जाहीर केलं होतं. त्यानं अख्खा पुतळा काळा केला आणि दोन पांढरे ठिपके डोळ्यांच्या जागी ठेवले. नाव ठेवलं ‘अमावस्या’. खेळातल्या बर्फात तो काळा नायक असा उठून दिसला की बाकीची मुलं पुढे सरकली. थोड्या वेळानं त्यानं यंत्र मागून घेतलं आणि अमावस्येच्या पायांत पिवळे बूट घातले. बूट दिसायला हवेत, कारण उडी मारताना पाय कुठे टेकतात ते कळत नाही, असं कारण त्यानं दिलं. हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. चित्र धावताना बघितल्यावर त्याला त्याचं काय करायचं ते सुचलं.

स्वतःच्या हातानं केलेल्या गोष्टीची ही ओढ प्रयोगांतही दिसली आहे. मायकल नॉर्टन, डॅनियल मोचन आणि डॅन अरिली या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना कागदाच्या घड्या घालून बेडूक आणि बगळे करायला दिले होते. आपण केलेल्या वेड्यावाकड्या बगळ्याला लोकांनी जवळपास तज्ज्ञांच्या बगळ्याएवढी किंमत लावली. बाहेरच्यांनी त्याच बगळ्याला फारच कमी लावली. अमावस्येवर उडी चुकून काट्यांवर पडायची वेळ आली, तेव्हा त्या मुलानं डोळे मिटून घेतले होते. तयार मिळालेल्या नायकासाठी त्यानं ते केलं असतं असं मला वाटत नाही.

चार स्केचपेनं

डीएस आता जुना झाला आणि आपल्याकडे तो फार थोड्या घरांत होता. मोबाइलवर याच्या जवळ जाणारं काही आहे का, हे शोधताना ‘ड्रॉ युअर गेम’ सापडला. इथं नायक तयार असतो, पण त्याची दुनिया खेळणाऱ्यानं काढायची, आणि तीही खऱ्या कागदावर. काळ्या रंगानं काढाल ती जमीन किंवा भिंत, ती हलत नाही. निळं ते ढकलता येतं. हिरव्यावर पाय पडला की उसळी मिळते. लाल म्हणजे मरण. कागदाचा फोटो काढला की मोबाइल रंग ओळखतो आणि चित्राचा खेळ करतो.

वाचनालयाच्या ताईंनी स्केचपेनचे बॉक्स काढून दिले आणि ती दुपार गोंधळात गेली. पेन्सिलीच्या रेघा फिक्या म्हणून दिसेनात. ट्यूबच्या उजेडात फोटो काढताना हाताची सावली कागदावर पडली, तर मोबाइलनं ती काळा रंग धरून तिथं एक डोंगर उभा केला. मुलांना तो इतका आवडला की पुढच्या चित्रात कोणीतरी मुद्दाम सावली पाडली. काळी जमीन कागदाच्या कडेपर्यंत नेली नाही, तर नायक कडेवरून खाली पडून नाहीसा होतो, हे पहिल्या फोटोनंतर सगळ्यांनाच कळलं. मग कागद खिडकीपाशी नेऊन फोटो काढायचा, जमीन जाड पेनानं काढायची, रेघेत फट ठेवायची नाही, असे नियम मुलांनी आपापसात ठरवले.

सर्वांत मोठा वाद हिरव्या रंगावरून झाला. सहावीतल्या त्याच मुलीनं झाड काढलं होतं. झाड हिरवं असणार. पण नायक पानांना लागला की चेंडूसारखा उडत होता आणि लाल सूर्याला टेकून मरत होता. सूर्य तिनं कोपऱ्यात काढला होता, प्रत्येक निसर्गचित्रात काढतो तसा. दोन डोंगर, सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड: हे चित्र आपल्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या चाललेलं आहे. इथं त्याच्यातल्या प्रत्येक वस्तूला विचारावं लागलं की तू इथं काय करतेस? नदी निळी, म्हणजे ती ढकलता येणार. पाणी कसं ढकलायचं? मुलांनी तासभर त्या एका निसर्गचित्राची फेररचना केली. सूर्य काळा झाला आणि नायकाला उभं राहायला जागा मिळाली. झाड वरून हिरवं ठेवलं, म्हणजे उडी मारून सूर्यावर जाता येईल. झोपडी निळी करून नदीत ढकलली. दिसायला चित्र विचित्र झालं होतं, पण त्यातली एकही रेघ सवयीनं आलेली नव्हती.

इतकी वर्षं मुलांची चित्रं बघताना मला असा तास दुसरीकडे मिळालेला नाही.

नववं-दहावं वर्ष

व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकानं १९४७ साली ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. त्याच्या तपशिलांवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण त्यातला एक टप्पा कुठल्याही वर्गात दिसतो. नऊ-दहा वर्षांच्या आसपास मुलाला आपलं चित्र खऱ्यासारखं दिसावं असं वाटायला लागतं. डोळ्याला जे कळतं ते हाताला जमत नाही. मग मूल चित्र झाकायला लागतं, खोडरबर जास्त चालतं आणि एक दिवस “मला चित्र येत नाही” हे वाक्य येतं. अमावस्येचा जनक चौथीत होता, हे इथं आठवावं.

आपल्या राज्यात चित्रकलेची मोठी परंपरा म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळतात. खेड्यापाड्यांतल्या असंख्य मुलांना पोस्टर कलर आणि ड्रॉइंग बोर्ड या परीक्षांमुळेच हाताळायला मिळाले. त्यांचं मोल मी कमी करणार नाही. पण तिथं चित्राचा शेवट तपासणीसाच्या टेबलावर होतो. त्याच्या आधीच्या वयात गणेशोत्सवातल्या रंगभरण स्पर्धा असतात, तिथं रंग रेषेबाहेर गेला की क्रमांक जातो. ज्या वयात मुलाला हात आवरता घ्यावासा वाटतो, नेमकं त्याच वयात आपण त्याच्या हाताला गुण देऊ लागतो. एखादं ठिकाण तरी असं हवं, जिथं चित्राला गुण नाहीत, पण काम आहे. ‘ड्रॉन टू लाइफ’नं तसं ठिकाण बनवलं होतं, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो.

चित्रानंच बुडवलेली कंपनी

फिफ्थ सेलनं त्यानंतर २००९ साली ‘स्क्रिबलनॉट्स’ आणला. त्यात शब्द लिहिला की ती वस्तू पडद्यावर अवतरते. दोन्ही खेळांच्या मागे जेरेमाया स्लाच्का यांचीच कल्पना होती. त्याच वर्षी ‘ड्रॉन टू लाइफ’चा पुढचा भाग आला आणि त्याचा शेवट लहान मुलांच्या खेळात कोणी कल्पिला नव्हता असा निघाला. रापोसांची ती अख्खी दुनिया एका बेशुद्ध पडलेल्या मुलाच्या मनातली असते, आणि तो मोटार अपघातातून वाचलेला असतो. पुढच्या आवृत्तीत तो शेवट बदलून मूल झाडावरून पडलं असं करण्यात आलं. मला मूळचाच शेवट पटतो. ज्या मुलानं काळोखाला तोंड द्यायला स्वतःचा नायक काढला, त्याला तो काळोख कुठून आला हे सांगायला हरकत नसावी.

टीएचक्यूनं स्वतः चित्र काढण्याच्या मुलांच्या ओढीवर मोठी बाजी लावली. २०१० साली कंपनीनं निन्टेंडोच्या ‘वी’ या यंत्रासाठी ‘यूड्रॉ’ नावाची चित्रं काढायची पाटी आणली. पाटीवर पेन फिरवायचं, चित्र टीव्हीवर उमटायचं. ती चांगली खपली. वर्षभरानं प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० साठीही पाट्या काढल्या. पण त्या यंत्रांवर खेळणारे वयानं मोठे, त्यांना बंदुका हव्या होत्या. सुमारे १४ लाख पाट्या पडून राहिल्या. आधीच अडचणीत आलेल्या कंपनीला तो घाव सोसला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी तिची मालमत्ता लिलावात गेली. ‘ड्रॉन टू लाइफ’चे हक्क ५०५ गेम्सकडे आले. २०२० च्या डिसेंबरमध्ये ‘टू रेल्म्स’ नावाचा नवा भाग निघाला, तो मोबाइलवरही आला. तो वाईट नाही, पण दाबाव्या लागणाऱ्या पडद्यावरची ती बारीक टोकाची काडी आता राहिलेली नाही.

यंत्र मुलांची चित्रं वाचायला लागतं

मुलांची चित्रं चालती करण्याचं काम आता वेगळ्या वाटेनं पुढे गेलं आहे. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या संशोधकांनी २०२१ च्या अखेरीस ‘ॲनिमेटेड ड्रॉइंग्ज’ नावाचं साधन लोकांना वापरायला दिलं. मुलानं कागदावर काढलेल्या माणसाचा फोटो द्यायचा. यंत्र त्यातला माणूस शोधतं, कागदापासून त्याला सोडवतं, खांदा, कोपर, गुडघा कुठे असावेत याचा अंदाज बांधतं आणि त्याला नाचवतं. अंदाज चुकला तर सांध्याचा ठिपका आपण सरकवायचा. इथं साचा आधी नसतो. मूल आधी काढतं आणि यंत्र त्याच्यातून साचा शोधतं. वापरणाऱ्यांच्या परवानगीनं जमलेल्या १,७८,००० हून अधिक चित्रांचा संग्रह या संशोधकांनी २०२३ साली खुला केला.

त्यांच्या कामातला मला आवडलेला भाग म्हणजे मुलांच्या एका सवयीला दिलेला मान. मुलं चेहरा समोरून काढतात आणि पावलं बाजूनं. मोठ्यांच्या शाळेत ही चूक ठरते. आपल्या पैठणच्या जुन्या चित्रकथांत मात्र चेहरा बाजूनं असतो आणि डोळा समोरून बघतो, आणि तिथं कोणी चूक काढत नाही. ज्या बाजूनं अवयव नीट ओळखू येतो त्या बाजूनं तो काढायचा, ही तिथली रीत. मुलं न शिकता तेच करतात. संशोधकांनी चित्रातला माणूस हलवताना हेच तत्त्व ठेवलं. हात-पाय वेगवेगळ्या बाजूंनी बघितल्यासारखे हलवले आणि चित्राची वाकडी दृष्टी सरळ केली नाही.

याच काळात शब्द टाकला की गुळगुळीत चित्र देणारी साधनंही घरोघरी आली. वाचनालयातल्या एका मोठ्या मुलानं तसं चित्र करून आणलं, तलवार घेतलेला मावळा. चित्र देखणं होतं. सगळ्यांनी बघितलं, छान म्हटलं आणि मोबाइल परत दिला. अमावस्येच्या पिवळ्या बुटांवर मात्र पुढच्या शनिवारीही चर्चा चालू होती.

या सुट्टीत घरात आठ ते अकरा वर्षांचं मूल असेल, तर त्याच्यापुढे कोरे कागद आणि काळं, निळं, हिरवं, लाल अशी चार स्केचपेनं ठेवा. ‘ड्रॉ युअर गेम’ टाकून आपला मोबाइल तासभर त्याला द्या, फोटो खिडकीच्या उजेडात काढायला सांगा. सूर्य लाल काढू नकोस, हेही आधी सांगू नका. चित्र कसं झालं यावर मत देण्याची घाई करू नका. रेघ कुठे चुकली ते मूल उडी मारून बघेल आणि स्वतःच पेन उचलेल.